वळणावर सरळ गेलेल्या सायकली

निरगुडसर
सोमवार, १३ जानेवारी २०२५

अश्विनी,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढं सगळं गार. म्हणून शेवटी कागद घेतला. महाळुंग्याला तुझ्या सासरी पोस्टमन पाकीट देईल तेव्हा घरातले विचारतील, कुणाचं आलं गं? विचारू देत. सांग, कल्याणीचं आलंय, आणि ती पिसाळलीय.

काल काय झालं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. कारण तू ते टेम्पोत बसून बघितलंस, आणि मी सायकलवर होते. दोन्हीकडून सारखं दिसत नाही.

सकाळी घोडनदीच्या पुलावरून निघालो. पुण्याची दहा-बाराजणं, नेहमीसारखी. मी पुढं, तू मागं टेम्पोत, जादाची सायकल, पंप आणि केळी घेऊन. धुकं इतकं होतं की समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर दिसत नव्हता, नुसती त्याच्यावरची गाणी ऐकू येत होती. मी सगळ्यांना कडेला घेतलं. मग कालव्याचा रस्ता लागला. पाणी सुटलंय, काठोकाठ वाहतंय. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कांदा, आणि मधून आपली रांग. ती चष्मेवाली मुलगी ओरडली, अहो ताई, हे पुण्यापासून एवढ्या जवळ आहे आणि आम्हाला माहीतच नाही! मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. हा रस्ता आपण दोघींनी अकरावी-बारावीला मंचरच्या कॉलेजात जाता-येता घासून गुळगुळीत केला. आणि ही रविवारची फेरी, तिला 'काठाकाठानं' हे नाव, ते माझं. बांधाबांधानं पायी हिंडून कुठं काटे आहेत, कुठं उतार फसवा आहे, हे बघणारीही मी. तू तेव्हा फोन सांभाळत होतीस. असू दे, तेही काम आहे.

आमच्या वस्तीचा फाटा आला. मी हात बाहेर काढला, डावीकडं वळले, उतारावर पायडल सोडलं आणि विहारापाशी येऊन ब्रेक दाबला. मागं बघितलं तर कुणीच नाही.

मला वाटलं कुणाची तरी ट्यूब गेली. वर चढून आले. सगळ्या सायकली कालव्यानं सरळ तुझ्या सासरच्या मळ्याकडं निघालेल्या, हेल्मेटांची रांग लांब गेलेली, आणि शेवटी तुझा टेम्पो. खिडकीतून तुझा हात बाहेर आला. टाटा केलास की चल म्हणालीस की माशी हाकललीस, तुझं तुला माहीत.

घरी माझी आई मासवडीचा रस्सा ठेवून बसली होती. पहाटे उठून तिनं तीळ-खोबरं भाजलं, बेसन घोटलं, ओल्या फडक्यावर थापून वड्या वळल्या. इतक्या माणसांची मासवडी एकट्या बाईनं करायची म्हणजे मनगटं जातात. वर्षभर दर रविवारी करतेय. तू तिला एक फोन करू शकली नाहीस? "काकू, उद्या नको." चार शब्द पण नाहीत ते.

एकट्या प्रतिभाताई मागं फिरून आल्या, त्या कोथरूडच्या. एक पाय जमिनीवर टेकवून दारातूनच म्हणाल्या, "काकू, आता बरंय ना तुमचं पाणी? अश्विनी म्हणाली, डिसेंबरच्या ग्रुपला इथं जेवल्यावर उलट्या-जुलाब झाले. काळजी घ्या हं." भली बाई आहे. तिच्या मनात काही नव्हतं.

आईच्या हातात डाव होता. ती म्हणाली, "माज्या जेवनानं?"

आणि मग डाव खाली ठेवून चूल विझवली.

डिसेंबरच्या ग्रुपचे नंबर माझ्याकडंही आहेत, अश्विनी. मी काल दुपारी एकेकाला फोन लावला. कुणालाही काहीही झालेलं नाही. एकजण तर हसायला लागला, म्हणाला, मी उरलेली मासवडी डब्यात नेली होती, सोमवारी ऑफिसात खाल्ली. म्हणजे तू धादांत खोटं बोललीस. माझ्या आईच्या हातावर आळ घेतलास.

का? मला कारण हवंय, आणि खरं हवंय.

उद्या संक्रांत. दरवर्षी तिळगूळ पाठवतेस. यंदा पाठवू नकोस. तुझं गोड बोलणं एवढ्यात पुरेसं झालंय.

कल्याणी


निरगुडसर
सोमवार, २७ जानेवारी २०२५

अश्विनीबाई,

नको म्हटलं तरी तिळगुळाचा डबा पाठवलातच. दुकानातला, सीलबंद. टेम्पोवाल्याच्याच हातानं परत पाठवलाय.

तुझा व्हॉइस मेसेजही ऐकला. आईला ऐकू जाऊ नये म्हणून विहाराच्या पायरीवर जाऊन ऐकला. "कल्याणी, एवढं मोठं करू नकोस ना. थोडे दिवस जाऊ देत. मग बघू आपण." आवाज काय मऊ! कुणाला वाटावं मीच तुझं काही घोडं मारलंय. थोडे दिवस म्हणजे किती गं? आणि मग काय बघणार आहोत आपण?

कारण मला कळलंय. तुझ्याकडून नाही. सुदर्शनभाऊजी परवा पतसंस्थेत आले होते. माझ्या काउंटरला रांग नव्हती, तरी उगाच उभे राहिले, पेन मागून घेतलं, परत दिलं. तुझा नवरा भला माणूस आहे. त्यांना खोटं बोलता येत नाही, ते काम त्यांनी तुझ्यावर सोपवलेलं दिसतंय.

म्हणाले, "कल्याणी, तुला म्हणून सांगतो. आमच्या आईचं तुला ठाऊक हाय. पावणं तुमच्याकडं जेवत्यात आन मग आमच्या मळ्यात चहाला येत्यात. आपल्या हातानं माठातलं पानी घेत्यात. आई म्हनती, तिकडं जेवून आलेला हात आपल्या माठाला नको. भावकीतल्या बायका पण बोलाय लागल्या. मग काय करावं राव मानसानं?"

मी विचारलं, "आणि ते उलट्या-जुलाबाचं?"

तर म्हणतात, "ते व्हय. ते अश्विनीनं तुमचं मन राखायला सांगितलं. खरं सांगितलं असतं तर काकूंना लागलं असतं."

मन राखायला! अगं, काय मन राखलंस तू! तुझ्या सासूला विटाळ होतो, आणि तो झाकायला माझ्या आईला तू लोकांना आजारी पाडणारी बाई ठरवलंस. वर आम्ही तुझे उपकार मानायचे की तू आमचं मन राखलंस.

मला एक सांग. त्या दहा-बाराजणांत कोण कोण असतं, तुझ्या सासूला, प्रयागबाईंना, काय ठाऊक? त्यांची जात कुणी विचारली? का हेल्मेट घातलं की ती दिसत नाही? परक्या माणसानं माठात हात घातलेला चालतो, फक्त तो आमच्या अंगणातून उठून आलेला नको. सासूबाईंना सांग, सायकलवाले वाटेत आमच्या वस्तीतली हवा पण श्वासात घेतात. त्यांना तोंड बांधून आणत जा.

आणि ते इन्स्टावरचं पान. आजही उघडून बघितलं. पहिला फोटो कुणाचा आहे? माझ्या आईच्या हातांचा. मासवडी वळताना. खाली तू लिहिलंयस, "आमच्या घाटावरची अस्सल चव, अस्सल माया." चव तिची, हात तिचे, आणि जेवण तुझ्या सासूच्या मळ्यात. फोटोतले हात चालतात होय तुला? फोटोला विटाळ नसतो वाटतं. तो फोटो आजच्या आज काढ.

काल मी आले नाही तर तू ग्रुपला खालच्या बांधानं घातलंस, असं ऐकलं. बाभळी तोडलेल्या आहेत तिथं. मी असते तर सांगितलं असतं. निम्म्या सायकली पंक्चर, पाहुणे उसाच्या कडेला बसलेले, आणि तू एक एक ट्यूब पाण्याच्या बादलीत दाबून बुडबुडे शोधतेयस. मला हसू आलं. लई हसू आलं. मग घरी पंप दिसला आणि हात आपोआप त्याच्याकडं गेला, तेव्हा स्वतःचाच राग आला.

कॉलेजात तुझी चेन रोज उतरायची. मी बसवायचे आणि काळे हात तुझ्या ओढणीला पुसायचे. तू हसायचीस. एका बाटलीतून पाणी प्यायचो आपण, अश्विनी. कालव्यावर पाय सोडून बसायचो आणि आळीपाळीनं बाटली तोंडाला लावायचो. तेव्हा तुझ्या घरचा माठ कुठं होता?

आईला मी खरं कारण सांगितलेलं नाही. कुणी आजारी पडलं नाही, एवढंच सांगितलं. तिला पटत नाही. उत्तर द्यायचं तर आता कागदावरच दे. मऊ आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.

कल्याणी


निरगुडसर
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

अश्विनी,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हतेच. खोटं कशाला, बघत होते. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "ताई, येत असतं तर दिलं नसतं का?"

भांडायला आज लिहीत नाही. आज एक गोष्ट सांगायची आहे आणि एक मागायची आहे.

आईनं गेला महिनाभर घरात काय चालवलंय ते सांगते. प्यायचं पाणी उकळते, गार करते, गाळते, पुन्हा उकळते. हंडा चिंच आणि राखेनं घासून घासून त्याला खड्डे पडायची वेळ आली. बोअरचं पाणी बाटलीत भरून मी तपासायला दिलं, चांगलं निघालं. तो कागद तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पानी चांगलं हाय ना? मग माज्या हातातच काय तरी हाय." हात बघत बसते. नखं मुळापासून काढलीत. शेजारची लेकरं भाकरीचा तुकडा मागायला येतात, त्यांना बिस्किटाचा पुडा देते. स्वतःच्या हातचं देत नाही.

काल रमाई जयंती होती. तुला ठाऊक आहे, विहारापुढं सगळ्या वस्तीचं एकत्र जेवण असतं. मी शाळेत जायच्या आधीपासून त्या दिवशीची भाजी आईच्या हातची असते. मोठं पातेलं लागतं, तीन दगडांवर चूल, आई पदर खोचून उभी आणि बाकीच्या बायका तिच्या हुकमात. वर्षातला तो एक दिवस आई सगळ्यांवर ओरडते आणि कुणी उलटून बोलत नाही.

परवा अंबाबाई आणि चार-पाचजणी विचारायला आल्या, की जानकाबाई, मसाला कधी कुटायचा? आई म्हणाली, "यंदा मला जमायचं न्हाई." त्यांना वाटलं तब्येत. अंबाबाई म्हणाली, "तू नुसती खुर्चीत बस, आमी हलवतो." तेव्हा आई म्हणाली, "माज्या हातचं बाधतं. लेकरं जेवनार हायेत. मी हात न्हाई लावायची."

कुणाला काही कळेना. मी उंबऱ्यात उभी होते. मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

काल आई जेवणाच्या पंगतीला पण आली नाही. घराच्या मागच्या बाजूला, जिथून विहार दिसत नाही, तिथं बसून राहिली. बाहेर माईकवर भाषणं चालू होती, रमाईनं गोवऱ्या थापून संसार कसा केला ते पोरी सांगत होत्या, आणि माझी आई मागं बसून स्वतःचे तळहात चोळत होती. मला असं वाटलं की सायकल काढावी, महाळुंग्याला यावं आणि तुझ्या त्या माठावर दगड घालावा. आले नाही. आईला एकटी सोडून येता आलं नाही म्हणून.

आता मागणं. तू ये. तू येऊन तिच्यासमोर बसून सांग की कुणी आजारी पडलं नव्हतं, आणि तू खोटं का बोललीस तेही सांग. सगळं सांग.

तू म्हणशील, तूच का सांगत नाहीस? मी हजार वेळा सांगितलं की कुणी आजारी नव्हतं. ती म्हणते, तू माजी लेक, तू माजी समजूत घालनार. मग ती विचारते, "आसं कसं? कुनी आजारी न्हवतं तर ती पोर खोटं कशाला बोलंल? अश्विनी तशी न्हाई." ऐकतेस का? अश्विनी तशी नाही. तुझी बाजू घेते ती अजून. आणि यापुढचं मी माझ्या तोंडानं बोलणार नाही. माझ्या आईला तिच्याच घरात बसवून, लोक तुझ्या हातचं का खात नाहीत, हे मी का समजावून सांगू? तो घाण शब्द घरात आणायचं काम माझं नाही. तू केलंयस, तू सांग.

कायदा काय आहे तो तुलाही ठाऊक आहे आणि भाऊजींनाही. वस्तीतली पोरं माझ्या मागं उभी राहतील. मी अजून कुणाला काही बोललेले नाही. कुणाच्या दयेनं नाही. आईला चारचौघांत उभं करून ती गोष्ट तिच्या तोंडून वदवून घ्यायला नको वाटतं म्हणून.

ये. येताना काही आणू नकोस.

कल्याणी


निरगुडसर
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

अश्विनी,

काल तू आलीस. एकटी, सायकलवर, भर दुपारची. फाट्यावरून उतरताना तुला बघितलं तेव्हा एक क्षण मला आनंद झाला, हे लिहून ठेवते. नंतरचं सगळं वाचताना एवढं लक्षात राहू दे.

तू बोललीस ते पण मान्य करते. आडपडदा ठेवला नाहीस. आईसमोर जमिनीवर बसलीस आणि म्हणालीस, "काकू, कुणी आजारी पडलं नव्हतं. मी खोटं बोलले. आमच्या सासूबाईंना चालत नाही, इथं जेवून तिकडं आलेलं. मला त्यांना विरोध करता आला नाही." मी भिंतीला टेकून उभी होते, आणि माझा अर्धा राग तिथंच उतरला होता. देवाशपथ म्हणणार होते, पण आमच्याकडं ती सोय नाही.

आईनं एकच विचारलं, "म्हंजी माज्या जेवनानं कुनाला काय झालं न्हाई?"

"नाही, काकू."

"एकाला बी न्हाई?"

"एकालाही नाही."

तिचा चेहरा तू बघितलास ना? महिन्याभरात पहिल्यांदा तिनं पदर खोचला. दुसरं जे काही तू सांगितलंस, ते तिनं जणू ऐकलंच नाही. तिला फक्त तिचे हात परत मिळाले होते. उठली, पातेलं काढलं, बेसनाचा डबा काढला, मला म्हणाली, कांदा चिर. तुला म्हणाली, "बस गं पोरी, एवढ्या उन्हाची आलीस. पटकन करते. जेवून जा."

आणि तू काय म्हणालीस?

"नको काकू. आज माझा गुरुवार आहे. उपवास आहे."

तुला कळलंही नाही तू काय बोललीस. सवयीनं आलं ते तोंडातून. माझ्या हातात सुरी होती आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. सातवीत तुला वाढदिवसाला बोलावलं, संकष्टी होती. दहावीचा निकाल लागला, आईनं शिरा केला, तुझा शनिवार. माझ्या दादाच्या लग्नात एकादशी. वर्षभर दर रविवारी पाहुणे आमच्या अंगणात बोटं चाटून जेवायचे आणि तू टेम्पोत बसून केळं खायचीस, की तुझं कसलंसं व्रत आहे म्हणून. आणि मी काय म्हणायचे? लोकांना सांगायचे, आमची अश्विनी लई देवभोळी आहे! एवढी मोठी घोडी झाले, पतसंस्थेत लोकांच्या सह्या पारखते, आणि वीस वर्षांत मला हे कळलं नाही.

मंचरच्या स्टँडवर वडापाव खायचीस तो कुठल्या देवाला चालायचा गं? बाटलीतलं पाणी चालायचं, सायकलच्या दांडीवर बसून माझ्या हातचे पेरू चालायचे. रस्त्यावर सगळं चालत होतं. उंबरा आला की तुझा उपवास.

म्हणून मी ओरडले. सासूबाईंचं नाव पुढं करू नकोस, हे तुझं स्वतःचं आहे, असं म्हणाले. आणखी काय काय म्हणाले. तू रडत सायकल घेऊन निघून गेलीस. मला त्याचं वाईट वाटत नाही. अजून तरी नाही.

तू गेल्यावर काय झालं ते तुला सांगायला हे पत्र लिहितेय.

मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती बेसन डब्यात परत ओतत होती. म्हणाली, "शाळेपासनं. एवढंसं लेकरू दारात हुबं ऱ्हाऊन 'उपास हाय काकू' म्हनायचं. घरनं शिकवून धाडलेलं. त्याला काय बोलायचं?"

"मग एवढं वर्षभर तिच्या पाहुण्यांसाठी का राबलीस?"

"मला वाटलं, एवढी मानसं जेवत्यात बघून, एखाद्या रविवारी बसंल ती बी."

मग ती उठली. चुलीपाशी उकळून ठेवलेल्या पाण्याची कळशी होती. ती उचलून बाहेर नेली आणि सगळं पाणी जास्वंदीला घातलं. आत येऊन म्हणाली, "पान्यात खोट असती तर बरं झालं असतं, कल्याने. पानी उकळून घेता येतं."

एवढं एकच वाक्य तिनं तुझ्याबद्दल काढलं. मी दहा पानं लिहिली असती तरी मला हे म्हणता आलं नसतं. तू तिचं मन राखायला निघाली होतीस ना? तुझं खोटंच तिला बरं वाटत होतं, अश्विनी, तुझ्या खऱ्यापेक्षा. ते खोटं उकळून, गाळून महिनाभर तिनं ते सोसलं. आणि खरं सांग म्हणून मीच तुझ्या मागं लागले. तुला बोलावून घेतलं ती मीच. याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. पण त्याचा राग पण मी तुझ्यावरच काढणार आहे, दुसरं कुणी नाही माझ्याकडं.

मला वाटलं होतं, आता आई अंथरूण धरणार. आज सकाळी उठले तर ती तीळ निवडत होती. म्हणाली, "ती कोथरूडची बाई फोन करती ना तुला? बोलाव त्यांना. माज्या हातात काय बी खोट न्हवती." प्रतिभाताईंना सगळं खरं सांगितलं. त्या फोनवर रडल्या, मग चिडल्या, मग म्हणाल्या, आम्ही येतोय. परवा रविवारी येतायत. पुलावरून निघू, कालव्यानं येऊ, फाट्यावर डावीकडं वळू. यापुढं 'काठाकाठानं' माझं. तुला तुझ्या पाहुण्यांना फिरवायचं तर खुशाल फिरव, नदी काही माझ्या नावावर नाही. पण नाव माझं आहे आणि त्या फोटोतले हात माझ्या आईचे. दोन्ही उतरव.

आता शेवटचं. आई म्हणते, अश्विनीला पण कळव, तिला आवडतं कालव्यावरनं यायला. मी तिला नाही म्हणणार होते. तरी कळवते, तिच्यासाठी.

रविवारी दुपारी अंगणात पंगत बसेल. तुला कुणी आग्रह करणार नाही, आईलाही मी करू देणार नाही. तुझं ताट मांडलेलं नसेल. यायचं असेल तर तुझ्या सासूला तोंडावर सांगून ये की कुठं चाललीस आणि कशाला. स्वतः ताट घे, स्वतः वाढून घे, सगळ्यांच्या मधे बस आणि आईच्या समोर पोटभर जेव. टेम्पोत बसायला येऊ नकोस.

जमत नसेल तर येऊ नकोस, अश्विनी. कर मग उपवास, जन्मभर.

कल्याणी